मुघल शहजादीचं आयुष्य: जहाँआरा बेगमबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुघल घराण्यात शहजाद्या पुष्कळ होत्या. मग जहाँआराच का?

कारण तिच्याबद्दल कागद आहेत. बहुतेक शहजाद्यांचा जन्म, सणावाराला मिळालेला एखादा नजराणा आणि मृत्यू एवढ्याच नोंदी दरबारी इतिहासकारांनी ठेवल्या. जहाँआराचे स्वतःच्या शिक्क्याचे हुकूम आहेत, तिच्या मालकीच्या जहाजाची नोंद आहे, तिनं लिहिलेली पुस्तकं आहेत आणि आग्र्याच्या जामा मशिदीवर तिच्या नावाचा लेख आहे. शिवाय युरोपीय प्रवाशांनी तिच्याबद्दल उठवलेल्या कंड्याही आहेत, आणि दुर्दैवानं लोकांना त्याच जास्त पाठ असतात. शहजादी कळायला हवी असेल तर आधी तिचा जमाखर्च आणि शिक्का बघावा, प्रेमकथा नंतर. खालची उत्तरं त्याच क्रमानं दिली आहेत.

ती कोणाची कोण?

शहाजहान आणि मुमताज महल यांची जगलेल्या मुलांपैकी थोरली. जन्म १६१४ चा, अजमेरचा. तेव्हा आजोबा जहाँगीर तख्तावर होता आणि बाप खुर्रम, म्हणजेच पुढचा शहाजहान, मेवाडच्या मोहिमेवर. दारा शुकोह, शुजा, रोशनआरा, औरंगजेब, मुराद आणि गौहरआरा ही तिची पाठची भावंडं. शाहिस्तेखान तिचा सख्खा मामा. हे शेवटचं नातं लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

लहानपण महालात, ऐषआरामात गेलं असेल ना?

निम्मंच. ती आठेक वर्षांची असताना खुर्रमनं जहाँगीरविरुद्ध बंड केलं आणि पुढची काही वर्षं घरदार त्याच्यामागून फिरत राहिलं, दख्खनमधून तेलंगण, ओरिसा, बंगाल आणि परत दख्खन. मुमताजची बाळंतपणं छावणीत होत होती. शेवटी १६२६ मध्ये तडजोड झाली तेव्हा दारा आणि औरंगजेब या दोन पोरांना आजोबाकडे ओलीस म्हणून पाठवावं लागलं. १६२७ मध्ये जहाँगीर गेल्याची खबर आली तेव्हा खुर्रमचा मुक्काम आपल्या जुन्नरला होता. तिथूनच तो तख्तावर बसायला उत्तरेकडे निघाला. म्हणजे संगमरवर आणि कारंजी तिच्या वाट्याला चौदाव्या वर्षानंतर आली.

शिक्षण कसं व्हायचं?

घरीच, पण नीट. जहाँआराची शिक्षिका होती सतिउन्निसा खानम, इराणातल्या माझंदरानची. जहाँगीरच्या दरबारातला राजकवी तालिब आमुली हा तिचा भाऊ. कुराण, फारसी साहित्य, थोडं वैद्यक असं सगळं तिला येत होतं. आधी ती मुमताजच्या सेवेत होती, तिथून वर चढत जनानखान्याची मुख्य कारभारीण झाली. १६४७ मध्ये लाहोरला ती वारली, पण शहाजहाननं तिचा देह आग्र्याला आणवून ताजमहालाच्या आवाराजवळ दफन करवला. शिक्षिकेचा असा मान आपल्याकडच्या आजच्या शिक्षणसंस्थांनीही शिकण्यासारखा आहे, असो.

जनानखाना म्हणजे कोंडवाडाच होता का?

पडदा होता, पहारा होता आणि परपुरुषाला प्रवेश नव्हता, हे खरं. पण आत होता एक सबंध कारभार. अकबराच्या काळचं वर्णन अबुल फजलनं केलं आहे: पाच हजारांहून जास्त स्त्रिया, प्रत्येकीला वेगळी जागा, विभागवार दरोगा बायका आणि हिशेब लिहिणारी कारकुनीण. आतल्या बाजूला शस्त्रधारी स्त्रियांचा पहारा, त्यांच्याबाहेर खोजे, त्यांच्यापलीकडे राजपूत, आणि दरवाजांवर द्वारपाल.

पगाराचे आकडेही त्यानं दिले आहेत. वरच्या दर्जाच्या स्त्रियांना महिना १०२८ ते १६१० रुपये, दासींमध्ये वरच्यांना २० ते ५१ आणि खालच्यांना २ ते ४० रुपये. काही हवं असेल तर आपल्या नेमणुकीच्या मर्यादेत तहवीलदाराकडे, म्हणजे रोकड सांभाळणाऱ्याकडे, मागणी करायची, तो चिठ्ठी पुढे पाठवणार, मग खजिन्यातून रक्कम मिळणार. सरकारी कचेरीत काम केलेल्यांना ही पद्धत ओळखीची वाटेल.

या आत शहजादीची स्वतःची वेगळी सरकार असे: दिवाण, कारभारी, वकील, खोजे, व्यापारी गुमास्ते. ती बाहेर पडत नसे, पण तिची माणसं सगळीकडे फिरत. शिवाय दरबार हलला की तीही हले, आग्रा, लाहोर, काश्मीर, दिल्ली. अंबारीवर पडदे लावलेले हत्ती, पालख्या, पुढे रस्ता मोकळा करणारे चोपदार. कोंडवाडा म्हणावा तर इतका फिरता कोंडवाडा दुसरा नसेल.

सतराव्या वर्षी तिच्या हातात कारभार आला असं म्हणतात. कसा?

१७ जून १६३१ रोजी बऱ्हाणपूरच्या किल्ल्यात मुमताज वारली, चौदाव्या बाळंतपणात. वय ३८. जन्मलेली मुलगी, गौहरआरा, मात्र वाचली. शहाजहान तिथे दख्खनच्या मोहिमेसाठी आलेला होता, आणि तो काळही कसला? ज्या दुष्काळात तुकोबांची पहिली बायको गेली तोच हा दुष्काळ. दख्खन आणि गुजरात ओस पडले होते. बादशहानं बऱ्हाणपुरात लंगर उघडले आणि दर सोमवारी पाच हजार रुपये वाटायचा हुकूम काढला, अशी दरबारी नोंद आहे. एवढ्या मोठ्या उपासमारीपुढे ती रक्कम किती पुरली असेल याचा अंदाज ज्यानं त्यानं करावा.

मुमताजच्या मागे एक कोटीची मालमत्ता राहिली. शहाजहाननं तिचे दोन भाग केले. अर्धी एकट्या जहाँआराला, उरलेली अर्धी बाकीच्या सहा भावंडांत. तिची वार्षिक नेमणूक होती सहा लाख, ती झाली दहा लाख, म्हणजे मुमताजला मिळत होती तेवढीच. बादशहाच्या इतर बेगमा हयात होत्या, तरीही जनानखान्यातला पहिला मान या मुलीला गेला. तिला ‘बेगम साहिब’ म्हणू लागले. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे जो शाही शिक्का मुमताजकडे असायचा, तो सांभाळायचं काम तिच्याकडे आलं.

लहान भावंडांचं आईपणही आलंच. दाराचं लग्न मुमताज हयात असतानाच नादिरा बानूशी ठरलं होतं. आईच्या मृत्यूनं पुढे गेलेलं ते लग्न १६३३ मध्ये जहाँआरानं लावून दिलं. खर्च ३२ लाख, त्यातले १६ लाख तिनं स्वतःच्या खिशातून घातले. वय अठरा-एकोणीस.

इतका पैसा येत कुठून होता?

तीन वाटांनी. पहिली नेमणूक: काही रोख, काही जहागिरीच्या वसुलातून. तिच्या जहागिरींत एक परगणा पानिपतचा होता. आपल्याला ते गाव दुसऱ्याच कारणानं ठाऊक.

दुसरी वाट नजराण्यांची. नौरोज, राज्यारोहण, वाढदिवस, आजारातून उठणं, प्रत्येक प्रसंगी बादशहाकडून आणि सरदारांकडून. १६२८ मध्ये बाप तख्तावर बसला तेव्हा चौदा वर्षांच्या या मुलीला एक लाख अशर्फ्या आणि चार लाख रुपये मिळाले. सरदारही हात सैल सोडत, कारण बेगम साहिबच्या शब्दानं अडलेलं काम सुटत असे. त्याला लाच म्हणायचं की रिवाज, हा वाद तेव्हाही कुणी घातला नाही.

तिसरी वाट व्यापाराची, आणि खरं तर हीच सगळ्यांत रंजक आहे. पडद्यातल्या स्त्रीला समुद्र बघायला मिळत नसे, पण जहाजं तिच्या मालकीची असत. जहाँआराचं ‘साहिबी’ हे जहाज १६४३ मध्ये सुरतेहून मक्केच्या वाटेला लागलं. यात्रेकरू जात, माल जाई आणि त्याच जहाजानं दरवर्षी पन्नास कोनी तांदूळ मक्केतल्या गोरगरिबांना वाटायला पाठवावा असा तिचा हुकूम होता. कोनी म्हणजे चार मण. पुण्य आणि नफा एकाच शिडाखाली. पुढच्याच वर्षी सुरत बंदराचं उत्पन्नच तिच्या नावे लागलं. ते कसं, ते भाजण्याच्या प्रश्नात येईल.

शहजाद्या हजला जात का, असंही लोक विचारतात. अकबराची आत्या गुलबदन बेगम १५७० च्या दशकात घराण्यातल्या बायकांचा तांडा घेऊन गेली आणि काही वर्षांनी परतली. पुढच्या पिढ्यांत तसं उदाहरण नाही. जहाँआराचं जहाज मक्केला गेलं, ती नाही गेली.

शहजादी स्वतः हुकूम काढू शकत होती?

हो. बादशहाचं ते फर्मान, शहजादे-शहजाद्यांचा तो निशान. जहाँआराचे काही निशान आजही आहेत. त्यातले मजेशीर म्हणजे हिमालयाच्या पायथ्याच्या सिरमूर संस्थानाचा राजा बुधप्रकाश याला पाठवलेले. सिरमूरहून बर्फ यायचा, कस्तुरी यायची. आग्र्या-दिल्लीच्या उन्हाळ्यात बेगमेच्या सरबतात पडणारा बर्फ डोंगरातून उतरवून आणायचा तर वाटेतल्या राजाशी गोड राहावं लागे. त्या बदल्यात राजाही आपली गाऱ्हाणी बेगमेपुढे मांडी, ती बादशहाच्या कानावर घालावीत म्हणून. बर्फाच्या लादीमागून सरहद्दीचे तंटे येत. राज्यकारभार असाही चालतो.

तिचं लग्न का झालं नाही? अकबरानं कायदा केला होता ना?

असा कायदा कुठल्याही कागदात नाही. अकबराच्या बहिणींची लग्नं झाली, मुलींचीही झाली. शहाजहान-मुमताजच्या तिन्ही वयात आलेल्या मुली मात्र अविवाहित राहिल्या, हे खरं. कारण हिशेबाचं दिसतं. बादशहाच्या जावयाला वजन येतं, त्याच्या मुलांना तख्तावर हक्क सांगायची इच्छा होऊ शकते. चार भाऊच एकमेकांच्या जिवावर उठणारे असताना त्यात जावयांची भर कोण घालणार? शिवाय जहाँआराच्या बाबतीत घरचा सगळा कारभार तिच्यावर उभा होता. तिला सासरी पाठवणं बादशहालाच परवडलं नसतं.

औरंगजेबानं ही प्रथा थोडी मोडली, पण घरातल्या घरात. आपल्या दोन मुली त्यानं भावांच्याच मुलांना दिल्या: मिहरुन्निसा मुरादच्या इझद बख्शला, झुब्दतुन्निसा दाराच्या सिपिहर शुकोहला. जावयाच्या बापाचा जीव घेणाराच त्याचा सासरा, अशी ही सोयरीक.

वडिलांशी तिच्या संबंधांबद्दल जे लिहिलं जातं ते खरं का?

नाही. फ्रेंच प्रवासी बर्निये यानं ती कुजबुज लिहून ठेवली, बाजारगप्पांच्या आधारावर. इटालियन मनुची, जो स्वतः दाराच्या नोकरीत होता आणि चटकदार किस्से सोडणारा माणूस नव्हता, त्यानंही ती धुडकावली. अविवाहित, श्रीमंत आणि बापाच्या मर्जीतली बाई म्हटल्यावर लोक काय बोलणार, ते सतराव्या शतकातही ठरलेलंच होतं.

ती भाजली होती ती घटना काय?

१६४४ च्या वसंतात, आग्र्याच्या किल्ल्यात. रात्री बापाकडून आपल्या महालात परतताना जमिनीवर ठेवलेल्या दिव्याला तिच्या वस्त्राचा काठ लागला. अत्तर आणि सुगंधी तेल मुरलेली तलम मलमल, एका क्षणात भडकली. चार दासींनी अंगावर झेप घेऊन आग विझवायला पाहिलं. त्यांचेही कपडे पेटले, आणि त्यातल्या दोघी पुढच्या काही दिवसांत गेल्या. जहाँआराची पाठ, कुशी आणि हात होरपळले.

दरबारी नोंदींतला शहाजहान एरवी तख्तावर बसलेला दिसतो. या महिन्यांत तो मुलीच्या उशाशी दिसतो. स्वतः औषध लावतो, जेवण भरवतो, दरबार नावापुरता उरकतो. रोज रात्री एक हजार रुपयांची थैली तिच्या उशीखाली ठेवायची आणि सकाळी गोरगरिबांत वाटायची, कैदी सोडायचे, थकबाकी माफ करायची, असं चाललं होतं. हकीम लांबून आले. इराणहून आलेल्या हकीम मुहम्मद दाऊदच्या उपचारानं ताप आणि इतर त्रास उतरले, पण जखमा भरत नव्हत्या. त्या भरल्या आरिफ नावाच्या एका गुलामाच्या मलमानं. बरं व्हायला वर्षाचा बराचसा भाग गेला.

ती उठली तेव्हा मोठा उत्सव झाला. बापानं तिच्या हातातल्या पोहच्यांसाठी न विंधलेले १३० मोती दिले, आणि सुरत बंदर तिच्या नावे केलं.

हे सगळं एका इंग्रज वैद्यानं केलं आणि बक्षीस म्हणून ईस्ट इंडिया कंपनीला व्यापाराची सवलत मागून घेतली, ही गोष्ट शाळेत ऐकलेली असेल. गॅब्रिएल बाउटन हा तो वैद्य. तो आग्र्याला पोचला १६४५ मध्ये, तोवर जहाँआरा बरी होऊन उत्सवही आटोपला होता.

या आजारपणाचं एक राजकीय टोकही आहे. बहिणीला बघायला औरंगजेब दख्खनहून आला आणि काही आठवड्यांतच त्याची दख्खनची सुभेदारी गेली. त्याचं बापाशी आणि दाराशी बिनसलं होतं. हिवाळ्यात, जहाँआराच्या बरं होण्याच्या आनंदात, तिनंच रदबदली करून त्याला माफी मिळवून दिली. त्यानं हे उपकार विसरले नाहीत, निदान पूर्णपणे नाही.

दिल्लीत आणि आग्र्यात तिनं बांधलेलं आज काय बघायला मिळतं?

आग्र्याची जामा मशीद, १६४८ ची. खर्च पाच लाख, तिच्या पैशातून, आणि तसं दर्शनी भागावर लिहिलेलं आहे. किल्ल्याच्या स्टेशनासमोरच आहे, ताजमहालाच्या गडबडीत लोक विसरतात.

दिल्लीत चांदनी चौक तिचा. शहाजहानाबाद वसत असताना १६५० च्या सुमाराला तिनं लाल किल्ल्याच्या लाहोरी दरवाजासमोर बाजार आखला. मधून यमुनेच्या कालव्याचं पाणी खेळवलं होतं, एका चौकात मोठा हौद होता. उत्तरेला बेगमेची बाग आणि सराय, दक्षिणेला हमामखाना. ती सराय इराणी आणि उझबेक व्यापाऱ्यांसाठी होती. बर्नियेनं तिचं तोंडभर कौतुक केलं आणि पॅरिसलाही अशी असावी असं म्हटलं. १८५७ नंतर इंग्रजांनी सराय पाडली आणि त्या जागी टाउन हॉल उभा राहिला. पराठे खायला गेलात तर त्या पिवळ्या इमारतीसमोर क्षणभर थांबा, सराय तिथे होती.

ती सूफी होती का?

मनापासून. दाराबरोबर काश्मीरला गेल्यावर तिनं कादिरी पंथाच्या मुल्ला शाह बदख्शीला गुरू मानलं. पत्रव्यवहारातून, कारण समोरासमोर बसणं अवघड. चिश्ती परंपरेवरही तिची श्रद्धा होती. अजमेरच्या ख्वाजा मुईनुद्दीन चिश्तींचं चरित्र तिनं १६४० च्या सुमारास फारसीत लिहिलं, मग मुल्ला शाहवर आत्मकथनवजा ‘साहिबिया’. त्यात ती स्वतःच्या अनुभवाबद्दल संकोच न करता लिहिते. तैमूरच्या घराण्यात आम्हा दोघा भावंडांनीच या वाटेवर पाऊल टाकलं, असा तिचा अभिमान आहे.

वारसायुद्धात ती कोणाकडे होती?

दाराकडे, उघडपणे. धाकटी रोशनआरा औरंगजेबाकडे. मे १६५८ च्या अखेरीस सामूगढला दारा हरला आणि पळाला. औरंगजेबानं आग्र्याच्या किल्ल्याला वेढा घालून यमुनेचं पाणी तोडलं. जून महिना. बादशहाला किल्ल्यातल्या विहिरीचं खारं पाणी प्यावं लागलं. दार उघडल्यावर जहाँआरा पालखीतून औरंगजेबाच्या तळावर गेली आणि वाटणीचा प्रस्ताव ठेवला: पंजाब आणि पलीकडचा मुलूख दाराला, गुजरात मुरादला, बंगाल शुजाला, दख्खन औरंगजेबाच्या थोरल्या मुलाला, बाकी सगळं आणि युवराजपद औरंगजेबाला. त्यानं ऐकून घेतलं आणि नकार दिला. दारा काफर आहे, त्याच्याशी वाटणी नाही.

पुढची साडेसात वर्षं ती कैदेतल्या बापाबरोबर किल्ल्यातच राहिली. तिच्यावर कोणाची सक्ती नव्हती. दाराचा शिरच्छेद, मुरादचा वध, या खबरा तिथेच आल्या. जानेवारी १६६६ मध्ये शहाजहान वारला. शाही इतमामात अंत्ययात्रा काढावी अशी तिची इच्छा होती. औरंगजेबाकडून हुकूम नसल्यानं प्रेत गुपचूप नदीतून ताजमहालात नेलं गेलं. मात्र मरणापूर्वी बापाकडून औरंगजेबासाठी क्षमापत्र तिनं लिहून घेतलं होतं. तिला पुढचं दिसत होतं.

मग शिवाजी महाराजांच्या आग्रा भेटीत तिचं नाव कसं येतं?

तारखा जोडून बघा. जानेवारीत बाप गेला. औरंगजेब आग्र्याला आला, बहिणीची समजूत काढली आणि बाप असतानाचा तिचा मान परत दिला. नेमणूक पुढे १७ लाखांपर्यंत नेली. १२ मे १६६६ रोजी महाराज दरबारात उभे राहिले, तेव्हा ती नुकतीच पुन्हा जनानखान्याची मालकीण झालेली होती.

तिला महाराजांवर राग धरायला दोन कारणं होती. एप्रिल १६६३ मध्ये पुण्याच्या लाल महालात बोटं गमावलेला शाहिस्तेखान तिचा मामा. आणि जानेवारी १६६४ मध्ये लुटलेली सुरत हे तिचं बंदर. आग्र्यातल्या हकिगतींत महाराजांना शिक्षा व्हावी म्हणून जोर लावणाऱ्यांत वजीर जाफरखानाची बायको आणि बेगम साहिब अशी दोन नावं येतात. जाफरखानाची बायको म्हणजे शाहिस्तेखानाची बहीण, जहाँआराची मावशी. आपल्याकडे ही गोष्ट औरंगजेब विरुद्ध महाराज अशी सांगितली जाते, ती बरोबरच आहे. पण पडद्यामागे एका घरातल्या बायकांना आपल्या भावाच्या बोटांचा आणि बंदराच्या उत्पन्नाचा हिशेब मागायचा होता, हेही त्यात धरायला हवं.

औरंगजेबाची मुलगी झेबुन्निसा महाराजांच्या प्रेमात पडली होती ना?

कादंबऱ्यांत. समकालीन फारसी, राजस्थानी किंवा मराठी कागदांत याचा मागमूस नाही. खरी झेबुन्निसा त्याहून वाचनीय आहे. जन्म १६३८, आपल्या दौलताबादचा. आई दिलरस बानू, जिचा मकबरा औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला आहे. लहानपणी सगळं कुराण पाठ केलं म्हणून बापानं ३० हजार मोहरा दिल्या. पदरी कवी आणि पंडित बाळगले, ग्रंथसंग्रह मोठा. १६८१ मध्ये धाकटा भाऊ अकबर बापाविरुद्ध उठला आणि हरून पळाला, तेव्हा त्याच्या सोडलेल्या छावणीत बहिणीची पत्रं सापडली. तिची चार लाखांची नेमणूक बंद झाली, मालमत्ता जप्त झाली आणि रवानगी दिल्लीच्या सलीमगडात. १७०२ पर्यंत, मरेपर्यंत, तिथेच. तो अकबर पळून कुठे गेला? संभाजी महाराजांच्या आश्रयाला.

येसूबाई आणि शाहू महाराजांना सांभाळणारी शहजादी कोण?

झीनतुन्निसा, झेबुन्निसेची धाकटी बहीण. ही बापाबरोबर दख्खनला आली आणि त्याच्या मरणापर्यंत छावणीतच राहिली. जनानखान्याचा कारभार तिच्याकडे, म्हणजे आत्याचीच गादी.

नोव्हेंबर १६८९ मध्ये रायगड पडला आणि येसूबाई व सात वर्षांचे शाहू कैदेत आले. त्यांचे तंबू बादशहाच्या डेऱ्यांलगत, गुलालबारीच्या म्हणजे शाही तळाच्या कुंपणाच्या आत लावले गेले. तिथे झीनतुन्निसेनं त्यांची बडदास्त ठेवली, शाहूंवर माया केली, हे मराठी परंपरेनंही मनमोकळेपणानं मान्य केलं आहे. १७०७ मध्ये औरंगजेब वारला, शाहू सुटले, येसूबाई मात्र दिल्लीत अडकल्या त्या १७१९ पर्यंत. झीनतुन्निसेनं दिल्लीच्या दर्यागंजात बांधलेली मशीद अजून उभी आहे. १७२१ मध्ये ती गेली.

जहाँआराचा शेवट कसा झाला, आणि कबर कुठे?

सप्टेंबर १६८१, दिल्ली, वय ६७. तोवर ती पादशाह बेगम होती. दाराची अनाथ मुलगी तिनं वाढवली आणि औरंगजेबाच्याच मुलाशी, आझमशी, तिचं लग्न लावून दिलं. मृत्यूची बातमी औरंगजेबाला वाटेत मिळाली. अजमेरहून तो दख्खनकडे निघाला होता, पळालेल्या अकबराच्या आणि मराठ्यांच्या मागावर. तीन दिवस त्यानं कूच थांबवलं. ती तीन दिवसांची सुट्टी संपल्यावर जे कूच सुरू झालं, त्यातून तो उत्तरेला परत गेलाच नाही.

कबर दिल्लीच्या निजामुद्दीन दर्ग्याच्या आवारात आहे, संगमरवरी जाळीच्या कुंपणात, वर छप्पर नाही. मधल्या भागात माती ठेवून गवत उगवू दिलं आहे. गरिबाच्या कबरीला गवताचं आच्छादन पुरे, अशा अर्थाच्या तिच्याच फारसी ओळी शिळेवर आहेत. जिच्या जमाखर्चाची गोष्ट आपण इतका वेळ करतोय, तिनं हे लिहावं याचं नवल वाटतं खरं.

महाराष्ट्रातून जवळ जाऊन बघण्यासारखं काही आहे का?

बऱ्हाणपूर. भुसावळ-खंडवा मार्गावर, जळगावहून दिवसभरात जाऊन येता येतं. तापीकाठच्या शाही किल्ल्यातला हमामखाना बघा, छतावरचे रंगीत चित्रपट्टे अजून बरेच शाबूत आहेत. पलीकडच्या काठावर जैनाबादला आहुखाना आहे. मुमताजला आधी तिथे पुरलं होतं, सहा महिन्यांनी देह आग्र्याला नेला. तिकडची वाट कच्ची आहे, पावसाळा टाळा आणि रिक्षावाल्याला परतीसाठी थांबवून ठेवा.